प्रिस्किलाताईंचा आठवडा आणि माझी एकशेबारा पानं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि ‘हाक’ या आपल्या कंपनीचे संस्थापक आदरणीय रेवजीभाई, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या सत्कारमूर्ती प्रिस्किलाताई, कळसाडीहून शेतातलं काम टाकून आलेले आपले पहिले ग्राहक भीमसिंगभाऊ, टोळीसह पहिल्या रांगेत बसलेल्या मुकादम फुलवंताबाई, ऑफिसातले माझे सहकारी आणि नाश्ता झाल्यावरही उठून न गेलेले शहाद्याचे सुजाण नागरिकहो, आपणा सर्वांना धर्मेंद्रचा नमस्कार.

निरोपाच्या भाषणात जाणाऱ्या माणसाचं कौतुक करायचं असतं. तेच करायला मला उभं केलंय. पण ज्या माणसाचा चार वर्षं हेवा केला, त्याचं कौतुक कुठून सुरू करावं? आपण हसलात. मी विनोद केलेला नाही.

पुण्यात पाच वर्षं सॉफ्टवेअरचं काम करून मी इथं आलो. शेतकऱ्याला मजूर, हवामान, बाजारभाव, खतं, सगळं एका ॲपमध्ये द्यायचं असं ठरलं. मी एकशेबारा पानांचा आराखडा केला. त्याला पुठ्ठ्याची बांधणी करून वर सोनेरी अक्षरं काढून घेतली. आठ महिने आम्ही खपलो आणि ॲप घेऊन भीमसिंगभाऊंच्या ओट्यावर गेलो. भाऊंनी बराच वेळ बोटानं वरखाली केलं आणि म्हणाले, “भाऊ, समदं शे. पन कापूस येचाले बाया कोठे शेतस यान्हामा?” मजुरांचा भाग पान नव्वदवर होता. तिथवर आम्ही पोचलोच नव्हतो.

त्याच महिन्यात चिंचपाड्याच्या प्रिस्किलाताई रुजू झाल्या. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मी मोठ्या तोऱ्यात आराखडा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो चाळला आणि एवढंच विचारलं, “धर्मेंद्रभाऊ, यातलं कुठलं एक पान पुढच्या बाजारापर्यंत होईल?”

मित्रहो, नाशिक-पुण्याच्या कंपन्यांत या पद्धतीला मोठमोठी नावं आहेत, ती शिकवायला भारी फी घेतात. ताईंनी तिला नावच दिलं नाही. शहाद्याचा आठवडे बाजार हेच त्यांचं माप. या बाजारापासून त्या बाजारापर्यंत जेवढं होईल तेवढंच हाती घ्यायचं. बाजाराच्या दिवशी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर जायचं, आलेल्या शेतकऱ्यांच्या आणि मुकादमांच्या हातात ते द्यायचं आणि आपण गप्प बसायचं. लोकांना नको असेल ते टाकायचं. बाजार उठला की ऑफिसात येऊन काय चुकलं ते प्रत्येकानं सांगायचं. भाजीवाली बाई उरलेली मेथी पुढच्या बाजाराला मांडते का? नाही ना? मग आपण का मांडायची, असं त्या विचारत.

रोज सकाळी दहा मिनिटं उभ्यानं बैठक व्हायची. बसलं की बोलणं लांबतं, असं त्यांचं मत. पहिल्या दिवशी मी मुद्दाम खुर्ची घेऊन गेलो. सगळे माझ्या खुर्चीभोवती उभे राहून बैठक करून गेले, आणि तेच मला जास्त लागलं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी काय केलं असेल? एक बटण. शेतकऱ्यानं दाबायचं, किती बाया हव्यात ते सांगायचं, की मुकादमाला फोन जाणार. बस्स. मी मनात म्हटलं, हे तर शाळेतलं पोर करील. महिन्याभरात तीस गावं ते बटण दाबायला लागली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं ते आजवर थांबलेलं नाही.

रेवजीभाई, आपल्याला ठाऊक नसेल, पण एका बैठकीत आपण प्रिस्किलाताईंचं नाव नऊ वेळा घेतलंत. माझं दोनदा, त्यातलं एकदा पंखा लावायला. घरीही तीच गत, फक्त तिथं ताईंचं नाव घेणारा मी. माझी बायको सीमा एकदा ताट वाढता वाढता म्हणाली, “इतलं नाव ते देवनंबी लेतस नही तुम्हू.” आज ताई नाशिकच्या ज्या कंपनीत चालल्यात, तिथं मी दोनदा अर्ज केला होता. उत्तरसुद्धा आलं नाही. ताईंना त्यांनी स्वतःहून बोलावलं.

इथपर्यंतचं मी लिहून आणलं होतं. पुढचं लिहिलेलं नाही.

मागच्या कापसाच्या हंगामात ताईंनी नवं काम हाती घेतलं होतं. टोळीनं उद्या कुठल्या शेतात जायचं, ते आदल्या दिवशी फोनवर लिहून यायचं, आणि सकाळी बदल झाला तर तोही लिहून यायचा. बाजाराच्या आधीच्या बुधवारी ताई नवापूरकडे गेल्या होत्या आणि ऑफिसचा फोन मी घेतला. फुलवंताबाई होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊ, मन्ही टोळीमा वाचता येनारी एकबी बाई नही. लिखेल नका धाडू, बोलीसन सांगा. ताईले सांगजो.”

मी म्हणालो, सांगतो.

मी सांगितलं नाही. विसरलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत ताईंनी मला विचारलंसुद्धा, काही निरोप? मी म्हणालो, काही नाही. एक आठवडा तरी त्यांचं चुकावं, चारचौघांत चुकावं, एवढंच मला हवं होतं.

आणि चुकलं. त्या बाजाराला वेचणीमुळे फुलवंताबाई आल्या नव्हत्या. बाजारानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी बदल झाला आणि टोळीनं भीमसिंगभाऊंच्या शेतात जावं असं लिहून गेलं. ते कोणाला वाचता आलं नाही. चौदा बाया डोंगरातून उतरून जुन्याच शेतावर गेल्या. तिथला कापूस आदल्या दिवशीच वेचून झाला होता. दुपारपर्यंत त्या बांधावर उभ्या होत्या. दिवसाची मजुरी बुडाली. इकडे भाऊंच्या शेतात फुटलेला कापूस तसाच राहिला.

पुढचा बाजार उठल्यावर ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “चूक माझी आहे. टोळीला आधी विचारायला हवं होतं.” मी हाताची घडी घालून ऐकत होतो. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

ते बरं वाटणं आठच दिवस टिकलं. ताईंनी लिहून पाठवायचं सगळं काम टाकून दिलं, फुलवंताबाईंना ऑफिसात बसवून त्यांच्याच आवाजात, त्यांच्या पावरी बोलीत निरोप भरून घेतले. आज आपल्याला जे ओळखतात ते त्या आवाजामुळे. म्हणजे मी खड्डा खणला आणि ताईंना त्यात पाणी लागलं.

काल रेवजीभाईंनी मला पत्र दिलं. सोमवारपासून ताईंची जागा माझी. वर म्हणाले, शिफारस ताईंनीच केली आहे. आयत्या बिळावर नागोबा व्हायला माझी ना नव्हती. पण पहिल्या रांगेत फुलवंताबाई बसल्यात हे पाहिलं आणि लिहून आणलेला कागद खिशात घातला.

प्रिस्किलाताई, आपण मान खाली घातलीत. धक्का बसलेला माणूस असा खाली बघत नाही. फुलवंताबाई, यांना तुम्ही त्या फोनचं सांगितलं होतं?

बाई हो म्हणतायत. मजुरी बुडाली त्याच आठवड्यात सांगितलं होतं.

म्हणजे ताई, आठ महिने आपल्याला माहीत होतं. माहीत असून आपण चूक स्वतःवर घेतलीत, माहीत असून रोज सकाळी मला ‘काही निरोप?’ असं विचारत राहिलात, आणि माहीत असून माझी शिफारस केलीत. आभार मानायला हवेत. पण खरं सांगतो, या क्षणीही मला आपला हेवाच वाटतोय. एवढं मन माझ्याकडे का नाही, म्हणून.

रेवजीभाई, आपलं पत्र मी इथं टेबलावर ठेवतो. माझं ऐकून घेऊन मग काय ते ठरवा. शिफारस करणारीला सगळं माहीत होतं, आपल्याला नव्हतं.

ताईंना नाशिकला यश मिळो. मिळेलच, आणि त्याचा मला त्रासही होईल. सभागृह दिलं त्यांचे, नाश्ता केला त्या भगिनींचे आणि इतका वेळ ऐकलंत त्या आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. त्या बुधवारचं मात्र घालू नये. ते माफ करायचं की नाही, हे पहिल्या रांगेतल्या चौदा बाया ठरवतील.