नुसती चेष्टा

— नाही हो ताई, बसत नाही मी, दोनच मिनिटं. ही सफरचंदं ठेवते इथे, उशाशी. झोपलीय वाटतं? झोपू द्या, झोपू द्या. केवढं ते प्लास्टर, बघवत नाही हो! ह्यांना म्हटलं मी, आपल्या राणीच्या वर्गातली पोर, नाटकात तिच्याच बरोबरची — गेलं पाहिजे, मनात किंतु नको. आता शुद्धीवर आल्यावर ती काय काय बोलली असेल, याची कल्पना आहे मला. पोरीच त्या, राईचा पर्वत करतात. म्हणून म्हटलं, आपणच समोरासमोर बोलून घ्यावं.

तर चष्म्याचं म्हणाल, तर ती नुसती चेष्टा होती. 'ढापणे, ढापणे' करत कुणीतरी ओढला तिच्या डोळ्यांवरून — बरं, राणीनं ओढला, नाकारतेय कुठे मी? — पण ढकललं कुणी नाही. मागे सरता सरता हिलाच जिना दिसला नाही, त्याला कोण काय करणार? आणि चष्म्याशिवाय तिला पायरीसुद्धा दिसत नाही, हे मला सांगितलं कोणी? तुम्हीच! पालकसभेत, एवढ्या विश्वासानं — 'राणीला जरा लक्ष ठेवायला सांगा हो.' सांगितलं ना मी. घरी गेल्या गेल्या सांगितलं. एवढंच म्हटलं, की रंगीत तालमीला ती चष्म्यावाचून उभी राहिली तर बाईंनाच कळेल कुणाला काय जमतं ते. एवढंच! अहो, दरवर्षी नायिका माझी राणीच असायची. यंदा तुम्ही बदली होऊन आलात काय, तुमची लेक दोन वाक्यं वाचते काय, आणि बाई विरघळतात काय! त्या दिवशी माझं पोर जेवलं नाही. म्हणजे — मीच वाढलं नाही तिला. दुसऱ्या नंबरवर राहणाऱ्या पोरीला कसली आलीय भूक? शिस्त लागते हो, ताई, शिस्त.

असं काय बघताय? तक्रारबिक्रार डोक्यात असेल तर आधीच सांगते, तुमचे यजमान आमच्या ह्यांच्या हाताखाली आहेत. धमकी नाही देत, आपली आठवण करून देतेय. उगाच आगीत तेल कशाला?

काय? काय म्हणालात? आठवत नाही तिला? काहीच नाही — जिन्यावरचंसुद्धा? अहो, मग चष्मा... तो पडताना फुटला, असंच धरून चालला होतात तुम्ही?

बरं.

बरं झालं की! पोरीच्या डोक्याला ताप नको. मग मीही काही बोलले नाही, आणि तुम्हीही काही ऐकलं नाही. नायिका आता राणीच करतेय. सवड झाली तर या बघायला, पुढच्या रांगेत खुर्ची ठेवायला सांगते तुमच्यासाठी. येते मी.

वाट सोडा, ताई. सोडा म्हणते ना!