बाकाखालची भोकं

लेक : मागे सरका, बाबा. ही फायबरची धूळ नाकात गेली तर रात्रभर खोकत बसाल.

बाबा : चाळीस वर्षं होडीवर काढली, मला नको शिकवू. अजून किती कापणार आहेस? आतला अख्खा तळच उघडा टाकलास की!

लेक : कुजलंय तिथवर कापावंच लागतं. हा तळाखालचा वासा बघा. स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवला तरी मुठीपर्यंत आत जातो. भिजलेला पाव झालाय.

बाबा : होणारच. धक्क्यावर कोणी आपटली होती होडी?

लेक : आलं! वाटच बघत होते. सकाळपासून तीन तास दम धरलात, कमाल आहे तुमची.

बाबा : खरं तेच बोलतो. तू आपटलीस आणि पुढच्याच हंगामात तळ दबायला लागला. तुझ्या हातून सुकाणू काढून दादाकडे दिलं ते उगाच नाही. मी तर होडी दुसऱ्या कारखान्यात टाकू म्हणत होतो. दादाच म्हणाला, तिने बिघडवली, तिनेच नीट करावी.

लेक : असं म्हणाला? बरं. या इकडे, पुढच्या टोकाला. इथेच आपटली होती ना? घ्या हातोडी, ठोका.

बाबा : कशाला?

लेक : ठोका म्हणते ना.

बाबा : ...लागतंय टणक.

लेक : टणक काय, ठणठणीत कोरडं आहे. आपटून नऊ वर्षं झाली, एक थेंब शिरला नाही. आता मागे चला, बाकांखाली. उतारू वाढले की तुम्ही बाकं पुढे घेणार, सामान असलं की मागे. दरवेळी नवे स्क्रू, नवी भोकं. एकेचाळीस मोजली मी. सगळी फायबरमधून आरपार वाशात.

बाबा : स्क्रू मारल्याशिवाय बाक थांबेल होय? लाकडी होडीत आम्ही वाट्टेल तिथे मारायचो. लाकूड पाणी प्यालं की फुगतं, भोक आपोआप बुजतं.

लेक : ती लाकडी होडी! हिच्यात लाकूड फायबरच्या आत कोंडलेलं. पाणी भोकातून आत जातं, बाहेर यायला वाटच नाही. घसा फोडून सांगत होते, भोकं रेझिन भरून बुजवा. तर म्हणालात, कालची पोर मला होडी शिकवते.

बाबा : तेव्हा कुणाला ठाऊक होतं असं होईल?

लेक : ते सोडा. ही चौकोनी पट्टी कोणाची?

बाबा : कुठली?

लेक : ही, वीतभर. कोणीतरी तळ कापून आत बघितलंय आणि वर फायबरची नवी मॅट चिकटवून दिलीय.

बाबा : दादाने लावली असेल.

लेक : दादाने? त्याला धड रेझिन कालवता येत नाही.

बाबा : ...एक मिस्त्री आणला होता. तळ फारच दबायला लागला म्हणून.

लेक : कधी?

बाबा : झाली चार वर्षं.

लेक : काय म्हणाला तो?

बाबा : तू म्हणतेस तेच. भोकांतून पाणी गेलं म्हणाला.

लेक : म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

बाबा : माहीत होऊन काय करणार होतो? बंद करून टाक म्हटलं त्याला.

लेक : चार वर्षांपूर्वी. आणि आईला दवाखान्यात ठेवलं ते तीन वर्षांपूर्वी.

बाबा : आता तो विषय कशाला?

लेक : तिच्या खाटेशी उभी राहून मी तुमच्यापुढे हात जोडले. 'माझ्यादेखत मिटवा' म्हणून हटूनच बसली होती ती. माझ्यामुळे होडी खराब झाली, चुकलं माझं, असं म्हणाले मी. तुम्ही काय म्हणालात, आठवतं?

बाबा : जाऊ दे ना आता.

लेक : 'बरं. पुन्हा असं करू नकोस.'

बाबा : तिच्यासमोर काय बोलणार होतो? मोजके दिवस राहिले होते तिचे.

लेक : तिला माहीत होतं हे?

बाबा : नाही.

लेक : म्हणजे माझी आई मलाच दोष देत गेली.

बाबा : दोष नाही गं दिला. 'पोर धसमुसळी आहे, पण मनाने चांगली,' एवढंच म्हणायची.

लेक : वा! उपकारच झाले म्हणायचे.

(ती ग्राइंडर खाली ठेवते, तोंडावरचा मास्क ओढून काढते.)

लेक : सहा वर्षं माझ्याशी बोलला नाहीत. दादा अजून चारचौघांत सांगतो, बहिणीने होडीची वाट लावली. लोक हसतात, मीही हसते. दुसरं काय करणार?

बाबा : लाज वाटली गं मला. एवढं नाव कमावलं आणि आपल्याच हाताने होडी कुजवली, हे कोणत्या तोंडाने सांगू?

लेक : म्हणून माझ्या माथी मारलंत.

बाबा : चुकलं. झालं समाधान? आता झाकून टाक हे. नवे वासे घाल, वरून मॅट मार. दादाला मात्र सांगू नकोस. त्याच्यापुढे तरी माझी मान ताठ राहू दे.

लेक : वासे घालणार आहे. तुमच्यासाठी नाही, होडीत माणसं बसतात म्हणून. पण आज झाकणार नाही.

बाबा : अगं, दुपारी येतोय तो!

लेक : ठाऊक आहे. मीच बोलावलंय. तळ उघडा असतानाच ये म्हटलं.

बाबा : मग मी निघतो.

लेक : बसा, बाबा. मी एक शब्द बोलणार नाही. तो विचारेल, कशाने कुजलं, आणि उत्तर तुम्ही द्यायचं.