मी बघत नाही, मी उभा असतो

...आता क्रम लावा म्हणे! घरात नवीन टीव्ही आला, लेक म्हणाली, "बाबा, आपापल्या आवडत्या मालिका क्रमानं सांगा, विनोदी वेगळ्या, गंभीर वेगळ्या, मी त्या तशाच ओळीनं लावून ठेवते, म्हणजे रोजची शोधाशोध नको." आता मला सांगा, माणसानं आपली आवड अशी चारचौघांत, एक-दोन-तीन करून सांगायची असते का? शेजारी बायको, समोर सासूबाई, हातात रिमोट घेऊन लेक, आणि मधे मी, आरोपी! तरी म्हटलं, घाबरतो की काय? विचार!

विनोदी मालिकांचं माझं पक्कं आहे. पहिला नंबर त्या दातांच्या डॉक्टरचा, ज्याला रक्त बघितलं की चक्कर येते. पेशंट खुर्चीत आणि डॉक्टर जमिनीवर. दर भागात हेच, आणि दर भागात मी हसतो, का हसतो ते विचारू नका. दुसरा नंबर लिफ्टवाली. चौघंजण लिफ्टमध्ये अडकलेत, बास, अख्खी मालिका लिफ्टमध्ये. बायको म्हणते, "यात बघायचं काय? दार तर उघडतच नाही!" अगं, तेच तर बघायचं! तिसरा नंबर त्या दोघा भावांचा, ज्यांच्यात मिळून एकच सूट असतो आणि दोघांना एकाच दिवशी मुलाखतीला बोलावतात. पहिले दोन महिने उत्तम! पुढे कुठल्यातरी मामानं दुसरा सूट घेऊन दिला आणि मालिकेतला जीवच गेला. काही मामांना कळतच नाही कुठे मदत करू नये ते...

तर या सगळ्या मी बसून बघतो. सोफ्यावर, पाठीला उशी, पाय वर, राजरोस. त्यात लपवायचं काय?

मग लेक म्हणाली, "हं, आता गंभीर."

म्हटलं, "त्या मी बघत नाही."

बायको पंख्याकडे बघायला लागली. लेकीनं माझ्या सुजलेल्या गुडघ्याकडे बघितलं. "बाबा, मग रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात काय करता?"

म्हटलं, "मी बघत नाही. मी उभा असतो."

हसू नका! फरक आहे त्यात, तुम्हाला सांगतो. आमच्याकडे पहिली रडकी मालिका सुरू झाली तेव्हा मी, अंगात रग होती तेव्हा, भर पाहुण्यांत ठणकावून सांगितलं होतं, "असल्या रडारडीसमोर मी या घरात बसणार नाही!" आता एकदा बोललो म्हणजे बोललो. नाही बसलो. परवापर्यंत नाही बसलो. हातात पाण्याचा पेला घ्यायचा आणि दारात टेकायचं. तहान कुणालाही लागते. आता एक पेला अर्धा तास पुरतो का? पुरवावा लागतो! चिमणीसारखा घोट घोट... दाराच्या चौकटीला माझा खांदा लागतो तिथला रंग उडालाय, त्या जागी लाकूड गुळगुळीत झालंय. बायको पाहुण्यांना दाखवते. "हे यांचं." मी म्हणतो, "मी बघत नाही, मी उभा असतो," पाहुणे म्हणतात, "हो हो," आणि चहा पितात.

आणि नुसता उभा नसतो हं. नावं ठेवतो! तत्त्वासाठी उभं राहायचं आणि तोंड मिटून राहायचं, हे कसं चालेल? "ही बघा, निघाली परत कपाटाकडे! आता फोटो काढणार! धरला, धरला छातीशी!" की लगेच आमच्या सासूबाई... त्यांची खुर्ची टीव्हीच्या इतकी पुढ्यात, की नटाला शिंक आली तर रुमाल यांनी घ्यावा... त्या मानही न वळवता विचारणार, "कुणाचा फोटो?"

"धाकटीचा! दुसऱ्या कुणाचा असणार?"

"फाडते का?"

"फाडते कसली? नुसती बघत बसलीय!"

आता हा टोमणा नाही तर काय? स्वतः टीव्हीला नाक लावून बसलेल्या आणि मला विचारतात, फाडते का! म्हणजे बघा, जावई बघत नाही म्हणतो आणि फोटो कुणाचा ते बरोब्बर सांगतो! सतत असं कोंडीत पकडायचं. लग्न ठरलं तेव्हा माझ्याबद्दल म्हणाल्या होत्या, "मुलगा बरा आहे, पण बोलतो फार." त्यानंतर माझ्याशी सरळ चार वाक्यं बोलल्या असतील तर शपथ. नुसते प्रश्न. कोण आलं? कुठे गेली? का रडते? पोलीस ठाण्यात बसल्यासारखं वाटतं हो!

तरी तुम्ही आपले आहात, तुम्हाला गंभीर मालिकांचाही क्रम सांगतो. बाहेर बोलू नका. तिसरा नंबर इस्पितळाची. रोज एक पेशंट दगावतो, ती नुसत्या डाव्या पायावर उभं राहून निभते. दुसरा नंबर कोर्टाची, आई सरकारी वकील आणि मुलगा पिंजऱ्यात. तिला दोन्ही पाय लागतात, आणि निकालाच्या दिवशी माझ्या हातून पेला फुटला. ओला होता म्हणून निसटला.

आणि पहिला नंबर... त्या दोघी बहिणी. लहानपणी ताटातूट झालेल्या. थोरलीचं कपडे शिवायचं दुकान, धाकटी तिच्याकडेच कपडे टाकते. एकाच गल्लीत राहतात, मापं देता-घेता मन मोकळं करतात, एकमेकींच्या लहानपणीच्या फोटोवर रडतात, आणि दोघींना पत्ता नाही! आम्हाला ठाऊक, गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला ठाऊक, या दोघींना नाही! अहो, मी बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत असतो, हरवलेली माणसं कर्ण्यावरून पुकारायचं कामच माझं. दोन घोषणांत माणूस खिडकीसमोर हजर! आणि इथे वर्षानुवर्षं एकीनं दुसरीला नुसतं "गाव कुठलं तुमचं?" म्हणून विचारू नये? जीव तुटतो हो... म्हणजे, उभ्या उभ्या कानावर पडतं तेवढं.

तर गुडघा. हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाय वाकवला, मी ओरडलो, ते म्हणाले, "काम उभ्यानं करायचं आहे का?"

"नाही हो, खिडकीत बसून असतो."

"हा गुडघा बसणाऱ्याचा नाही. केस कापता का लोकांचे?"

बायको शेजारीच. तिला कुठे राहवतंय! "नाही डॉक्टर, हे मालिका बघतात."

म्हटलं, "मी बघत नाही. मी उभा असतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि म्हणाले, "घरी बसून बघा. नाहीतर वर्षभरात जिना विसरा." आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणजे एकीकडे जिना आणि दुसरीकडे माझी उभी हयात! काय करायचं सांगा?

त्यातून काल त्या बहिणींचा शेवटचा भाग. म्हटलं, जाऊ दे. आयुष्यात माणूस काय काय गिळतो, हाही शब्द गिळू. आलो आणि सोफ्यावर बसलो. मला वाटलं, आता लेक टाळ्या वाजवणार, बायको चार दिवस ऐकवणार. कसलं काय! बायको नुसती सरकली. लेकीनं उशी दिली. अहो, टाळ्या परवडल्या असत्या!

मालिका सुरू. थोरलीनं टेप घेतला. धाकटीचा खांदा मापला. कॉलर जरा बाजूला केली... आणि मानेवर भाजल्याची जुनी खूण! तीच! कुणी बोलत नाही, नुसतं व्हायोलिन. मीही बोललो नाही. उभ्या माणसाला नावं ठेवायचा हक्क असतो, बसल्यावर कुठल्या तोंडानं ठेवणार?

तेवढ्यात सासूबाईंनी मान वळवली. पहिल्यांदा. स्वयंपाकघराच्या दाराकडे, जिथे कुणीच नव्हतं. आणि त्या रिकाम्या दाराला म्हणाल्या, "जावईबापू?"

म्हटलं, "इकडे आहे. सोफ्यावर."

"मग बोलत का नाही? मघापासून नुसतं वाजतंय. काय चाललंय?"

बायको हळूच माझ्या कानात म्हणाली, "अहो, आईला आता समोरचं धुक्यासारखं दिसतं. टीव्हीतली बोलतात तोवर कळतं तिला. ती गप्प झाली, की हिची भिस्त तुमच्या बोलण्यावर."

डोळे अधू आहेत हे मला काय ठाऊक नव्हतं? डोळ्यांत घालायचे थेंब मीच आणतो दुकानातून! पण "फाडते का" हा टोमणा नव्हता, प्रश्न होता... हे कुणाच्या लक्षात येणार हो? मला इतकं वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं, आणि लाज सोडून सांगतो, तितकंच बरंही वाटलं. या घरात माझं बोलणं कुणीतरी ऐकत होतं!

लगेच सांगायला घेतलं. "सासूबाई, थोरलीने धाकटीच्या मानेवरील खूण पाहिली आहे."

"असं नको. फलाटाला बस लागल्यासारखं काय सांगताय? रोजच्यासारखं सांगा. चिडून."

आता बसून चिडता येतं का? मी करून बघितलं. नाही येत! उठलो. गुडघा असा वाजला की व्हायोलिन ऐकू येईना. बायकोनं हातात पेला दिला. दारात जाऊन टेकलो आणि सुरू केलं, "ही बघा! खूण दिसली तरी गप्प! अगं विचार ना, तोंड शिवलंय का तुझं?"

"विचारलं?" सासूबाई पुढे सरकल्या.

"विचारते कसली! टेप पडला हातातून! धाकटी वळली... आता ती तिच्याकडे... ही तिच्या..." आणि पुढे आवाजच फुटेना. मी पेल्यात तोंड घातलं, तर पाणी संपलेलं.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "रडायचं ते जाहिरातीत रडा. ओळखलं का, तेवढं आधी सांगा."

म्हटलं, "ओळखलं."

त्यांनी डोळे पुसले आणि खुर्चीत मागे टेकल्या. सोमवारपासून त्याच वेळेला नवीन मालिका सुरू होतेय. सासूबाईंनी सगळी माहिती काढून ठेवलीय. नायिका मुकी आहे.