काटा चाळीसवरच होता

एक्स-रेच्या खोलीसमोर एक बाई शिवणकामाने आखडलेली मान धरून नंबराची वाट बघत बसली होती. मागच्या बाकावर बहीणभावाची हळू आवाजात जुंपली होती. बाईची मान काही वळत नव्हती, पण कान तिकडेच लागले होते.

“ताई, मी वेग वाढवलाच नाही. काटा चाळीसवरच होता.”

“मग बाबा मागच्या सीटवर बसल्या बसल्या दारावर आपटले कसे?”

“तेच तर कळत नाहीये! ढकललं कोणी त्यांना?”

“वळणाने.”

“वळण काय मध्येच उगवलं? सुरुवातीला तर मजेत बसले होते.”

“सुरुवातीला वळण सैल होतं रे. पुढे आवळत गेलं. गाडी जेवढी झटकन दिशा बदलते, तेवढी आतल्या माणसाला ओढ जास्त.”

“पण वेग तोच ना?”

“तोच.”

“मग ओढ वाढली कशी? डोकं फिरवू नकोस माझं.”

“बरं, तू ब्रेक का नाही मारलास?”

“कशाला? बाबांनीच बजावलं होतं, काटा चाळीसच्या वर जाता कामा नये. नाही गेला. केसभरही हलला नाही.”

“एवढं छातीठोकपणे कसं सांगतोस?”

“अगं, वळण संपेपर्यंत डोळे काट्यावरच होते माझे!”

“आणि रस्त्यावर कोणाचे होते?”

तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि एक म्हातारे गृहस्थ गळ्यात हात बांधून बाहेर आले. बाईच्या डोक्यावरून त्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं.

“काय रे, काटा चाळीसच्या वर गेला नव्हता ना?”