घरचा नमुना

सयाजी : काल चहाच प्यायचा व्हता, तर आपल्याकडं काय दूध नासलं व्हतं?

आरती : अहो, त्यांनी आणून समोर ठेवला. मुलाखत घ्यायला जायचं आणि चहाला नाही म्हणायचं, बरं दिसतं का ते?

सयाजी : आन् हे बरं दिसतं? नाशिकची येष्टी उभी, सगळी माणसं खाली उतरल्याली, आन् त्यांच्या देखत हाटेलवाल्याची बायको रस्ता वलांडून समोरच्या हाटेलात कचोरी खातीय! गिऱ्हाईक काय म्हणंल? मालकिणीलाच घरचं ग्वाड लागंना, म्हंजे आत काय तरी काळंबेरं हाय. निम्मी गाडी तिकडं वळली.

आरती : कचोरी नाही खाल्ली मी.

सयाजी : खाल्ली. हितनं बघितलं मी. चटणी लावून खाल्ली.

ठमाबाई : अर्धी खाल्ली. अर्धी कागदात बांधून मला आणली. बरी व्हती, सया.

सयाजी : आये, तू यात पडू नको.

ठमाबाई : म्या कुटं पडतीय? लसूण सोलतीय.

आरती : किती वेळा सांगितलंय तुम्हाला. माझ्या डॉक्टरेटचा विषयच तो आहे. हमरस्त्यावरची घरगुती हॉटेलं कशी चालतात, कोण चालवतं, का बुडतात. मालकांशी बोलल्याशिवाय कसं कळणार? राजगुरुनगरपासून संगमनेरपर्यंत हिंडले मी. समोरचे पारसशेठ त्यातलेच एक.

सयाजी : बाकीच्यांचं मला काय न्हाई. नारायणगावच्या त्या टकल्याशी बोल की दिवसभर. पर पारस? शाळंत माझ्या बाकावर बसायचा. मी पाटी लावली 'मिसळ स्पेशल', लगीच त्याची 'कचोरी स्पेशल'. मी पंखं लावलं, त्यानं कूलर आणला. आन् आता माझी बायको वही घिऊन त्यालाच इचारतीय, शेठ, तुमचं एवढं झ्याक कसं काय चाललंय?

आरती : असं नाही विचारलं. 'गिऱ्हाईक टिकवायला तुम्ही काय करता' असा प्रश्न आहे.

सयाजी : आन् मी काय करतो? गिऱ्हाईक काय हाकलून देतो? फाट्यावरच्या समद्या हाटेलवाल्यांच्या मुलाखती झाल्या. बायको माझी, हाटेल माझं, आन् मलाच तेवढं वगाळलं!

आरती : घरचा नमुना चालत नाही.

सयाजी : घरचा काय?

आरती : नमुना. संशोधनासाठी ज्यांना निवडतात ना, त्यांना नमुना म्हणतात. पारसशेठ नमुना, नारायणगावचे ते नमुना...

ठमाबाई : अगं, मंग ह्यालाच घ्यायचा की! ह्याच्यावानी नमुना अख्ख्या जुन्नर तालुक्यात घावायचा न्हाई तुला.

आरती : आत्या, तुम्ही पण ना! मॅडमनी बजावून सांगितलंय. माझ्या गाईड त्या. घरचा माणूस घेतला की निष्कर्ष घरच्या बाजूनं झुकतो.

सयाजी : मंग झुकू दे की जरा. लई दिस झालं, काय झुकलंच न्हाई ह्या बाजूला. दोन हजार एक साली नाव घातलंस. म्हणलीस, नोकरी सांभाळून करायची डॉक्टरेट हाय, हितल्या कॉलेजातलं शिकवणं सुटायचं न्हाई, घर सुटायचं न्हाई. तवापासनं दर रविवारी पुणं. आन् आल्यावर, मॅडम असं म्हणल्या, मॅडम तसं म्हणल्या. मी काय म्हणलो ते सांगतीस का कंदी तिकडं?

आरती : तुम्ही काय म्हणता? 'मीठ संपलंय.' 'गल्ल्यावर बस.' हे सांगू मॅडमना?

सयाजी : आन् पारस लई ग्यानाचं बोलतो, व्हय?

आरती : पुन्हा पारस. काय झालंय नक्की तुम्हाला? सकाळपासून बघतेय.

सयाजी : सकाळी सिलेंडर उसना मागाया गेलो व्हतो त्याच्याकडं. तर म्हणतो, 'काय सयाजीराव, पेढे कधी? वहिनी डॉक्टर होणार, पुण्याच्या कॉलेजात जाणार!' मी आपला हसलो. मला समदं ठावं हाय असं दाखवलं. आन् सिलेंडर तिथंच टाकून आलो.

ठमाबाई : आत्ता कळलं! म्हणून आज भजी स्टोवर. मला म्हणला, ग्यासची गाडी आली न्हाई.

आरती : अहो, अजून काही ठरलेलं नाही. मॅडम फक्त म्हणाल्या, डिग्री हातात आली की त्यांच्या कॉलेजात जागा होईल. एवढंच.

सयाजी : मंग एवढंच मला का न्हाई कळलं? माझी बायको फाटा सोडून चालली, आन् ते मला कचोरीवाला सांगतो. जळतंय माझं, आरती. खरं सांगतो. हितं, छातीपाशी. इतक्या वर्षांत मिसळीनं कंदी एवढी जळजळ झाली न्हाई.

आरती : त्यांनी विचारलं.

सयाजी : काय इचारलं?

आरती : मुलाखत संपली. टेप बंद केला, वही मिटली. तर म्हणाले, 'वहिनी, माझं झालं. आता तुमचं सांगा. डॉक्टर झाल्यावर पुढं काय?' मी पुण्याचं सांगून टाकलं. कारण कुणी विचारलंच नव्हतं. माहेरी नाही, कॉलेजात नाही. तुम्ही विचारलंत? 'कधी संपायचं हे तुझं' असं विचारता. 'पुढं काय' असं नाही.

ठमाबाई : हे मातुर खरं हाय, सया.

सयाजी : आये, लसूण सोल.

ठमाबाई : झाला सोलून. म्या जाते आत. पर आता तरी इचार, बाबा.

(ठमाबाई लसणाची सुपली घेऊन आत जाते. रस्त्यावर संगमनेरची गाडी येऊन लागते. सयाजी जागचा हलत नाही.)

आरती : गाडी आली. पारसशेठ बाहेर येऊन हाका मारायला लागले बघा.

सयाजी : मारू दे. आजची गाडी घिऊ दे त्याला. तुझा त्यो टेप हाय का पिशवीत?

आरती : आहे. कशाला?

सयाजी : लाव.

आरती : घरचा नमुना चालत नाही, म्हटलं ना.

सयाजी : नमुना तू. इचारणार मी.

आरती : काहीतरीच तुमचं... बरं, लावला. बोला.

सयाजी : मॅडम...

आरती : मॅडम काय! नाव घ्या की.

सयाजी : त्याला तू 'शेठ' म्हणतीस, ते चालतं. मला म्हणू दे. मॅडम, डॉक्टर झाल्यावर पुढं काय करणार तुमी?

आरती : पुण्याला जाणार.

सयाजी : हां.

आरती : मनात तरी तेच आहे. सोमवार ते गुरुवार तिथं राहायचं. शुक्रवारी दुपारच्या गाडीनं परत. शनिवारी, रविवारी गल्ल्यावर मी. तुम्ही हो म्हणालात तर.

सयाजी : आन् न्हाई म्हणलो तर?

आरती : तरी जाईन. पण रडत जाईन.

सयाजी : बंद कर त्यो टेप.

आरती : रागावलात?

सयाजी : आधी बंद कर. आता सांग. हे शुक्रवारच्या गाडीचं पारसला ठावं हाय?

आरती : नाही. त्यांना नुसतं पुणं माहीत आहे.

सयाजी : आन् तुझ्या मॅडमला?

आरती : त्यांनाही नाही. आत्ताच बोलले, पहिल्यांदा.

सयाजी : मंग इतक्यात कुणाला सांगू नको. थोडं दिस माझ्याकडंच राहू दे.