दहापैकी किती

कॅन्सरच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीला मारतहळ्ळीहून एकटीच आलेल्या उल्कानं अर्जावरच्या 'दुखणं दहापैकी किती?' या प्रश्नापुढे झटकन शून्य लिहिलं. शेजारच्या सासू-सुनांचं मात्र तिथंच अडलं होतं.

"आत्या, किती लिहू?"

"स्वल्प. एक लिही."

"काल दोरीवर कपडे टाकताना केवढ्यानं ओरडलात!"

"मग दोन. जास्त लिहिलं तर परत कापतील गं."

"कापत नाहीत, गोळी बदलतात. आणि आजार उलटेल म्हणून छातीत धडधडतं, ते?"

"ते पण दुखण्यात धरतात होय?"

"धरतात की."

"अगं बया! मग आठ लिही. वर्षभर उगीच फुकट सोसलं!"

दोघी हसत सुटल्या.

उल्कानं शून्य खोडलं आणि सासूबाईंना विचारलं,

"अक्का, धडधड खरंच धरतात?"

"धरतात बाई. तुझी किती?"