लाल्याचा कान

माझ्या चित्रकलेचं सर्टिफिकेट विचाराल, तर ते मला म्हसाच्या जत्रेत मिळालं. तेही एका तडकलेल्या माणसाकडून!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. संक्रांतीची ग्रीटिंग कार्डं मी घरीच करायचे. आदल्या वर्षीच्या जत्रेत एक फाटक्या कानाचा बैल बघून मी वहीत काढला होता. तोच जुन्या स्लिपरच्या तळव्यावर कोरला आणि शाई लावून कार्डांवर छापला. दादाने बघितलं आणि म्हणाला, "बकरी बरी जमलीय."

जत्रेत दोरीला कार्डं लावून आम्ही दोघं सकाळपासून उभे. एक गिऱ्हाईक थांबेना. दादाचं "बकरी, बकरी" चालूच.

दुपारी एक म्हातारेबाबा मात्र जाता जाता थबकले.

"गो पोरी, ह्यो तं आमच्या धसईचा लाल्या! माझा बैल!"

मी अशी हरखले! पण बाबा लगेच तडकले. "त्याचा डावा कान फाटलाय. तू उजवा का फाडलास?"

"बाबा, ठसा उलटा उमटतो. कोरताना माझ्या ध्यानातच आलं नाय."

त्यांनी कार्ड उचललं, शेजारच्या बांगडीवाल्याच्या आरशासमोर धरलं आणि आरशातल्या बैलाकडे बघत राहिले.

"आता बरोबर झाला. घरी ह्याला आरशासमोरच लावीन."

मी ऐटीत दादाकडे वळले. पण त्याला कुठली सवड! तो बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "बैल घ्या, बैल! धसईचा लाल्या घ्या!"